तळीरामाला स्त्रीलिंग नाही

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका घरी चहाला बसले होते. थोरल्या वहिनींनी कप पुढे केला आणि अर्धा चहा बशीत आला. त्यांनी कप खाली ठेवला, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा उचलला. सकाळचे दहा वाजले होते. तोंडात वेलदोडा. "बीपी हाय त्यांना, त्यात पित्त. सकाळी पोटात काय ठरतच न्हाई बघा," धाकटी जाऊ म्हणाली. दोन वर्षांत तीन डॉक्टर झाले, एंडोस्कोपी झाली, जोतिबाला नवस बोलून झाला. दारू पिता का, हे मात्र त्यांना एकानेही विचारलं नव्हतं. त्यांच्या जागी नवरा असता तर पहिल्या भेटीतच विचारलं असतं.

हा प्रश्न बाईला का विचारला जात नाही, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आपल्या भाषेपासूनच सुरुवात करू. 1919 साली गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं आणि 'तळीराम' हे त्यातल्या पात्राचं नाव पुढे दारुड्याचं सामान्यनाम झालं. पिणारा सुधाकर, सोसणारी सिंधू, ही वाटणी मराठी मनात तेव्हापासून पक्की बसली. तिची मुळं आणखी जुनी आहेत. 1878च्या आबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात दारू हे सरकारी महसुलाचं मोठं साधन झालं. 1880मध्ये महात्मा फुल्यांनी पुणे नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून वाढत्या दारूदुकानांना विरोध केला. दारू पिणाऱ्या पुरुषापायी घर बुडतं, हे त्या साऱ्या काळाचं दुःख होतं आणि ते खरंच होतं. पण बाटलीच्या पलीकडच्या बाजूला एखादी बाई बसलेली असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. बेवडा, पेताड, तळीराम म्हटलं की आजही डोळ्यांपुढे पुरुषच येतो. ज्याला नाव नाही ते ओळखायचं तरी कसं?

कोल्हापूरची कथा यात वेगळी नाही, फक्त दारू इथे जास्त जवळ आहे. उसाचा मुलूख. कारखाना म्हटला की मळी आली आणि मळीपासून मद्यार्क. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षीचा दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. बंदीच्या काळात गूळ आणि नवसागर घालून हातभट्टी लागायची. पुढे कायदा सैल झाला आणि परवाने आले. घाट उतरलं की गोवा, तिथली स्वस्त बाटली चोरवाटेने वर येते, हे तर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

या सगळ्याशी इथल्या बायका लढल्या. 2008च्या शासन आदेशाने त्यांच्या हातात मतपत्रिका दिली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यायचं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. एका बाजूला उभी बाटली, दुसऱ्या बाजूला आडवी. डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या काठी टेकत रांगेत उभ्या राहतात, तो देखावा पाहून माझे डोळे भरून आले आहेत. पण त्याच रांगेत एखादी अशीही असते, जी शिक्का आडव्या बाटलीवर मारते आणि घरी जाऊन तांदळाच्या डब्यातून आपली चपटी काढते. तिचं मत खोटं नसतं. दुकान बंद व्हावं, असं तिच्याइतकं कळकळीने दुसऱ्या कुणालाच वाटत नसेल. पण हे ती बोलणार कुणापाशी? चळवळीतल्या मैत्रिणींपाशी तर मुळीच नाही.

वैद्यकशास्त्राने तरी तिला पाहिलं असेल, असं वाटतं. पण तिथेही तेच. 1935 साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हा दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट सुरू झाला. 1939च्या त्यांच्या मूळ ग्रंथात बायकांसाठी म्हणून एक प्रकरण होतं, ते पिणाऱ्या नवऱ्याच्या बायकोसाठी. मार्टी मॅनसारखी स्त्री तिथे स्वतः बरी व्हायला आली, तेव्हा ती अगदी पहिल्या काहींपैकी होती. 1946मध्ये जेलिनेक या संशोधकाने या सदस्यांच्या प्रश्नावल्यांवरून व्यसन पायरीपायरीने कसं वाढतं याचा नकाशा काढला. स्त्रियांची उत्तरं थोडी होती आणि पुरुषांपेक्षा वेगळी होती, म्हणून त्याने ती बाजूला ठेवली. 98 पुरुषांच्या उत्तरांवरून निघालेला तो नकाशा पुढे जगभर 'दारूच्या आजाराचा' नकाशा म्हणून शिकवला गेला. ती बाजूला ठेवलेली उत्तरं मला फार छळतात.

बाईच्या शरीरात दारूचं गणित वेगळं आहे, हे नीट कळायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. तिच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच पेल्याने रक्तातली दारू जास्त चढते. जठरात दारूचं विघटन करणारं विकरही (एन्झाइम) बायकांमध्ये कमी असतं, हे 1990च्या संशोधनात दिसलं. पहिल्या घोटापासून यकृत बिघडेपर्यंतची वाट ती पुरुषापेक्षा कमी वर्षांत चालते. गर्भावर होणारा परिणामसुद्धा वैद्यकाने 1968 आणि 1973 या साली सविस्तर नोंदवला, म्हणजे अलीकडेच.

आणि ही वाट सुरू कुठून होते? बहुतेकदा बारमधून नाही. आमच्याकडे सर्दीला, बाळंतपणाच्या थंडीला दोन चमचे ब्रँडी देणारी घरं मी लहानपणापासून पाहिली आहेत. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. ठरल्या मात्रेत ते औषधच, पण झोप येत नाही म्हणून बाटलीमागून बाटली संपवणाऱ्याही असतात. अंगदुखी, एकटेपण, पिणारा नवरा, मारहाण, मनाची उदासी. मिश्री लावणारी बाई उंबऱ्यावर बसून खुशाल बोटाने दात घासते, तिला कुणी वाईट म्हणत नाही. दारूची लाज मात्र बाईला मरणाइतकी, म्हणून ती एकटी पिते, दार लावून, स्टीलच्या पेल्यात.

2019च्या राष्ट्रीय पाहणीत दारू घेणाऱ्या पुरुषांचं प्रमाण 27.3 टक्के निघालं आणि स्त्रियांचं 1.6. दरी खरी आहेच. पण शेजारी सासू बसलेली असताना किती जणी हो म्हणतील?

प्रश्न विचारण्याची रीतसुद्धा पुरुषाच्या मापाची होती. डॉक्टर जे चार प्रश्न वापरत आले आहेत, त्यांतला एक असा: लोक तुमच्या पिण्यावर टीका करतात याचा राग येतो का? चोरून पिणारीवर टीका करणार कोण? दुसरा प्रश्न अपराधी वाटतं का, असा. 1989मध्ये गरोदर स्त्रियांसाठी यादी नव्याने केली तेव्हा तो अपराधाचा प्रश्न काढला आणि त्या जागी साधा प्रश्न घातला: चढायला किती लागते? त्याने लाज चाळवत नाही, पण शरीर किती सरावलंय ते कळतं.

नंतर एकदा वहिनी आणि मी दोघीच गच्चीवर पापड वाळत घालत होतो, तेव्हा मी हाच प्रश्न त्यांना विचारला. आधी किती लागायची डोकं हलकं व्हायला? त्यांनी पापड सरळ केला. "आधी अर्धा पेला." आणि आता? बराच वेळ गेला. "आता तीन घेतले तरी हात थांबत न्हाईत, ताई."

"मग आजपासून बंदच करा," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळले. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. खोलीत कोंडून सोडवायची ही गोष्ट नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी लागते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पुण्याचं मुक्तांगण 1986पासून चालू आहे, तिथे आता स्त्रियांसाठी वेगळी सोय आहे.

वहिनींनी आधी विचारलं ते एवढंच: "केसपेपरवर काय लिहितील?"