सर्व्हिस चार्ज म्हणजे करही नव्हे आणि टिपही नव्हे

पुण्यात मोठ्या हॉटेलात जेवण झालं, बिलावर दहा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला की टेबलावरचं कुणीतरी म्हणतंच, “सरकारी आहे, द्यावाच लागतो.” हे चूक आहे. सरकारकडे जातो तो जीएसटी. जुना सर्व्हिस टॅक्स १ जुलै २०१७ पासून जीएसटीत विलीन झाला, पण नावांच्या सारखेपणामुळे गोंधळ टिकून राहिला. सर्व्हिस चार्ज लावतो हॉटेलमालक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तो बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. तेव्हा शांतपणे तो काढायला सांगा. नकार मिळाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

सर्व्हिस चार्ज वेटरलाच मिळतो, हाही गैरसमजच. वाटप मालकाच्या हाती असतं, आणि मला हेच जास्त खुपतं. अमेरिकेत टिपवर काम करणाऱ्यांचं संघीय किमान रोख वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर आहे, म्हणून तिथली टिप हा पगाराचाच भाग. जपानात टिपची पद्धतच नाही. आपल्याकडे बडीशेपेच्या वाटीशेजारी ठेवलेली नोट पूर्णपणे ऐच्छिक आहे. ठेवायचीच तर ज्याने वाढलं त्याच्या हातात द्या.