बुलबार

बुलबार : पिकअप ट्रक, जीप किंवा तत्सम वाहनाच्या तोंडाशी, थेट चॅसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ चौकटीला, बोल्टने आवळून बसवलेला धातूचा वा जाड प्लास्टिकचा मजबूत सांगाडा. रस्त्यात आडवे आलेले जनावर किंवा झाडझुडूप आदळले तरी रेडिएटर, दिवे आणि बॉनेट शाबूत राहावे, हा त्याचा उद्देश. ऑस्ट्रेलियात त्याला बुलबार किंवा रू-बार म्हणतात, अमेरिकेत ग्रिल गार्ड किंवा ब्रश गार्ड. आपल्याकडे गॅरेजमध्ये तो क्रॅश गार्ड, बंपर गार्ड किंवा नुसता ‘गार्ड’ म्हणून ओळखला जातो. भारतातील सार्वजनिक रस्त्यांवर असा गार्ड बाहेरून बसवून घेणे बेकायदा आहे.

बुलबारची खरी गरज ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात समजते. डार्विन ते पोर्ट ऑगस्टा हा स्टुअर्ट महामार्ग सुमारे २,७०० किलोमीटरचा. त्याच्या दोन्ही अंगांना गुरांची प्रचंड कुरणे आहेत आणि अनेक ठिकाणी त्यांना कुंपण नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात; तांबड्या कांगारूचा मोठा नर ८० किलोंच्या पुढे जातो. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीवर असे जनावर आदळले की आधी प्लास्टिकचा बंपर फुटतो, मग रेडिएटर मागे ढकलला जाऊन पंख्यावर बसतो आणि कूलंट सांडून जातो. त्यानंतर इंजिन चालू ठेवले तर काही मिनिटांत ते तापून निकामी होते. पुढचा पेट्रोलपंप शंभर-दोनशे किलोमीटरवर, मोबाइलला रेंज नाही आणि उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर पारा. अशा जागी शाबूत रेडिएटर म्हणजे सुखरूप घर गाठण्याची हमी. शेतकऱ्यांनी आणि ट्रकवाल्यांनी पाइप जोडून केलेल्या घरगुती गार्डांतून हा व्यवसाय वाढला. यातली आज जगभर माहीत असलेली एआरबी ही कंपनी १९७५ साली मेलबर्नमध्ये सुरू झाली.

अमेरिकेत संकट हरणांचे आहे. टेक्सासपासून पेनसिल्व्हेनियापर्यंत शरद ऋतूत, हरणांच्या माजाच्या काळात, धडका वाढतात. तिथे फोर्ड एफ-१५० किंवा शेव्हरोले सिल्व्हराडोसारख्या पिकअपच्या मूळ बंपरवरच जाळीदार ग्रिल गार्ड चढवण्याची पद्धत रुजली. गुरांच्या रँचवर त्याने फाटकही ढकलले जाते आणि अडून बसलेले जनावरही. पण मेन किंवा अलास्कातल्या मूस या प्रचंड सांबरवर्गीय प्राण्यापुढे गार्ड फारसा कामाचा नाही. मूसचे पाय इतके लांब की गाडी पायांना लागते आणि कित्येक क्विंटलचे धड बॉनेटवरून सरळ काचेवर येते. समोर कोणते जनावर येणार हे ठाऊक नसताना घेतलेला गार्ड म्हणजे वाया गेलेला पैसा.

धडकेत काय घडते हे समजले की निवड सोपी होते. आधुनिक पिकअपच्या मूळ बंपरमध्ये बाहेर प्लास्टिकचे आवरण, त्यामागे फोम, मग धातूचा आडवा तुळईसारखा भाग आणि शेवटी चॅसिसच्या टोकाशी चुरगळण्यासाठीच घडवलेले डबे असतात. हे सगळे क्रमाक्रमाने चेपते, तेवढा वेळ धक्का लांबतो आणि आतल्या माणसाला बसणारा झटका कमी होतो. एअरबॅगचा संगणकही याच झटक्याचा आलेख पाहून मिलिसेकंदांत निर्णय घेतो. चॅसिसला कडक जोडलेला ओबडधोबड गार्ड हा क्रम मोडतो. धक्का चेपणारा भाग वगळून थेट चॅसिसमध्ये उतरतो, आणि एअरबॅग नको तेव्हा उघडण्याची किंवा हवी तेव्हा उशिरा उघडण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून नामांकित उत्पादक आपल्या ब्रॅकेटमध्ये, म्हणजे बार चॅसिसला जोडणाऱ्या पट्ट्यांमध्ये, मुद्दाम घड्या आणि खाचा ठेवतात, त्या मूळ डब्यांसारख्या चुरगळाव्यात म्हणून. तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी एअरबॅगशी जुळवून तपासलेला बार आहे का, हा खरेदीतला पहिला प्रश्न. त्याचे लेखी उत्तर मिळत नसेल तर पुढची चौकशी करण्याचेही कारण नाही.

दुसरा प्रश्न वजनाचा, आणि याकडे सर्रास दुर्लक्ष होते. पोलादी बुलबार साधारण ४० ते ८० किलो भरतो. हे वजन पुढच्या आसाच्याही पुढे लटकते, त्यामुळे तरफेच्या न्यायाने आसावर येणारा भार बारच्या वजनापेक्षा जास्त असतो. टोयोटा हायलक्सच्या दोन आसांमधले अंतर ३,०८५ मिलिमीटर. ६० किलोचा बार पुढच्या आसापासून ९० सेंटिमीटर पुढे बसला, तर पुढच्या आसावर सुमारे ७७ किलो वाढतात आणि मागच्या आसावरचे सुमारे १७ किलो कमी होतात. त्यातच ३५ किलोची विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) बसवली की पुढचा वाढीव भार सव्वाशे किलोंच्या घरात जातो. गाडीचे नाक खाली बसते, हेडलाइटचा झोत बदलतो, स्टीअरिंग जड होते आणि ओल्या रस्त्यावर रिकाम्या पिकअपचे मागचे टायर लवकर घसरतात. ऑस्ट्रेलियातले जाणकार फिटर म्हणूनच बारबरोबर पुढच्या जास्त ताकदीच्या स्प्रिंग सुचवतात. शिवाय हे सगळे किलो गाडीच्या मंजूर भारातून वजा होतात, तेवढा माल कमी न्यावा लागतो.

पोलाद स्वस्त, चिवट आणि दुरुस्तीला सोपे. वाकले तर ठोकून, वेल्डिंग करून सरळ होते. पावडर कोटिंगवर दगडाचा टवका उडाला की मात्र तिथून गंज धरतो, समुद्रकिनाऱ्यालगत तर फारच लवकर. अॅल्युमिनियमचा बार पुष्कळ हलका असतो. तो गंजत नाही, पण जोराच्या धडकेत वाकण्याऐवजी तडकतो आणि त्याचे वेल्डिंग कोपऱ्यावरच्या गॅरेजचे काम नव्हे. पॉलिथिलीनचे बार दाबले जाऊन पुन्हा मूळ आकारात येतात. पादचाऱ्याच्या दृष्टीने तिन्हींत ते कमी घातक, पण रस्त्यावर ते तुलनेने कमी दिसतात. बहुधा त्यांचे रूप ‘दणकट’ वाटत नाही म्हणून.

आकाराचा निर्णय गाडी कुठे चालते त्यावर ठरतो. नुसती वाकवलेली नळी, म्हणजे नज बार, पार्किंगमधल्या धक्क्यापलीकडे फारसे काही थोपवत नाही. मूळ बंपर काढून त्या जागी बसणारा पूर्ण बार जनावरांच्या प्रदेशात उपयोगी. त्याचे खालचे कोपरे वर उचललेले असल्याने नाल्यात वा चढावर नाकही कमी घासते. नव्या गाड्यांच्या तोंडाशी रडार, कॅमेरे आणि पार्किंग सेन्सर असतात; बारची नळी त्यांच्यासमोर आली तर आपोआप लागणारे ब्रेक चुकीचा निर्णय घेऊ शकतात. रेडिएटर आणि इंटरकूलरकडे (टर्बोची हवा थंड करणारा भाग) जाणारी हवा अडते का, नंबर प्लेट पूर्ण दिसते का, हे गाडीसमोर उकिडवे बसून पाहावे.

या साऱ्या चर्चेत गाडीबाहेरच्या माणसाचे नाव सर्वांत शेवटी येते, हे मला या विषयातले सर्वांत मोठे दुखणे वाटते. पिकअपचा गार्ड लहान मुलाच्या डोक्याच्या आणि छातीच्या उंचीवर असतो. मूळ बंपरचे प्लास्टिक आणि बॉनेटचा पत्रा थोडा तरी दबतो. पोलादी नळी दबत नाही, सगळा घाव एका रेषेत देते. हे ओळखून युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशाने पुढच्या संरक्षक सांगाड्यांना पादचारी सुरक्षेच्या चाचण्या लावल्या, आणि कडक धातूचे बार नव्या गाड्यांवरून जवळजवळ हद्दपार झाले. ऑस्ट्रेलियाने बार ठेवला, पण २००२ च्या एएस ४८७६.१ या मानकाने त्याच्या कडा गोलसर असाव्यात आणि तो गाडीच्या तोंडाच्या ठेवणीला धरून असावा, असे बंधन आणले.

भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुलबार हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे कळवले आणि कारवाई करण्यास सांगितले. या कलमानुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तरीही गल्लीबोळांतून, शाळेच्या फाटकासमोरून गार्ड लावलेल्या पिकअप जाताना दिसतात. तिथे कांगारू नसतात, मुले असतात.

विदर्भातल्या पिकअपवाल्याची अडचण मात्र खोटी नाही. रात्री रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवे येते, आणि रोह्याचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जाऊ शकतो. त्याला कायद्यात बसणारे उपाय आहेत : हेडलाइटची काच साफ आणि झोत नीट ठेवणे, आणि जंगलपट्ट्यात वेग आवरणे. ताशी ८० ऐवजी ६० ने गेले तर धडकेतली ऊर्जा सुमारे ४४ टक्क्यांनी घटते. एवढी कपात कोणताही गार्ड करत नाही. मोठा उपाय रस्ताच करू शकतो. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंच परिसरात प्राण्यांसाठी ठेवलेल्या नऊ भुयारी वाटांपैकी सर्वांत रुंद ७५० मीटरची आहे, आणि चितळ, रानडुक्कर, रोही ते वाघापर्यंत प्राणी तिथून जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेले आहेत.

जिथे बुलबार कायदेशीर आहे तिथे, म्हणजे पर्थ किंवा डार्विनकडे, जुनी पिकअप घेणाऱ्याने बारच्या रंगापेक्षा त्याचे ब्रॅकेट आधी पाहावेत. चॅसिसच्या टोकाशी टॉर्च लावून घड्या चेपल्या आहेत का, बोल्टची भोके लांबट झाली आहेत का, वेल्डिंगशेजारी केसासारखा तडा आहे का, हे तपासता येते. एकदा चुरगळलेले ब्रॅकेट दुसऱ्या धडकेत काम करत नाहीत. बार वरून सरळ दिसला तरी ते नवे घालावे लागतात.