माकडताप म्हणजे उन्हाळ्यातला लेप्टो नव्हे

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) गोव्यातल्या शेतकरी घराला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळा, शेतातलं पाणी, उंदरा-गुरांचं मूत, पायाला चीर, डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या) गोळ्या. पण लोक माकडतापालाही उन्हाळ्यातला लेप्टोच समजतात.

माकडताप १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या रानात ओळखला गेला. २०१५ मध्ये तो आमच्या सत्तरी तालुक्यात, पाली गावात दिसला. तो येतो जानेवारी ते मेच्या सुमारास, ऐन काजीत (काजूच्या बागेत) बोंडू गोळा करायच्या दिवसांत. हा विषाणू आहे, गोचिडीच्या चाव्यातून येतो, डॉक्सीला दाद देत नाही.

खरा घोळ होतो तो गुरांवरून. लेप्टोत जनावर स्वतःच मुतातून जंतू टाकतं. गाय गाभडली, दूध आटलं की आपण सावध होतो. तोच हिशेब लोक माकडतापाला लावतात: "गुरं ठणठणीत आहेत, मग भीती कसली?" दरवर्षी हे ऐकून जीव तुटतो. या तापाने गाय आजारी पडतच नाही. तिच्या दुधातून तो आल्याचाही पुरावा नाही. पण मोठी गोचीड तिच्याच रक्तावर फुगते, गळून पडते आणि हजारोंनी अंडी घालते. माणसाला चावतं ते बहुधा पुढचं पिल्लू, जेमतेम खसखशीएवढं. गेल्या मार्चात माझ्या जावेच्या गुडघ्यामागे असंच एक निघालं. दोन दिवस ती तीळ समजून खाजवत होती. रानात गेलीच नव्हती. गोठ्यात अंथरायला काजीखालचा पाचोळा भारे बांधून आणला होता, त्यातून ते घरी आलं. नशीब, ताप आला नाही.

या दिवसांत तो पाचोळा आणूच नका, भाताचा पेंढा अंथरा. गुरांच्या गोचिडींवर औषध हंगामाआधीच पशुवैद्यांकडून करून घ्या. रानात जाताना गोचिडींना दूर ठेवणारं डेपा तेल अंगाला लावा, आल्यावर साबणाने अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका.

माकड मात्र उगाच बदनाम झालंय. तेही आपल्यासारखंच गोचिडीपायी मरतं. आमच्या घरी आम्ही 'गोचीडताप' म्हणतो, आणि तेच नाव बरोबर वाटतं. मेलेल्या माकडाच्या गार पडणाऱ्या अंगावरून गोचिडी आसपासच्या पाल्यात उतरतात. मेलेलं माकड ओढून फेकू नका, आरोग्य केंद्राला कळवा.

चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकदम सणसणीत ताप आला, डोकं नि अंग ठणकायला लागलं, तर ब्रुफेन, ॲस्पिरिन मनाने घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधी सांगा: काजीत गेलो होतो, गोठ्यात पाचोळा आहे.