नोटीस आली म्हणून पोलीस उचलत नसतात भौ

बीड परभणीकडं कुठल्याबी चहाच्या टपरीवर पत्रकाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "साहेबांच्या घराण्याविरुद्ध छापलं ना, आता मानहानीच्या केसमधी पोलीस उचलणार त्याला." लई वर्षांपासून चालू आहे हे, अन् खरं सांगू का, यानंच निम्मे तालुका बातमीदार गप बसतात.

तर मानहानी हा अदखलपात्र अन् जामीनपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. फिर्याद थेट मॅजिस्ट्रेटकडं करावी लागते, अन् १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात तर दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणंबी ऐकावं लागतं. अन् वकिलाची नोटीस म्हणजे केस नव्हे, ते नुसतं पत्र आहे. फिर्याद सहसा ज्याची बदनामी झाली त्यानंच करायची असते, राग आला म्हणून कोण्याबी कार्यकर्त्यानं नाही.

पण याची दुसरी बाजू लोक सोडून देतात. "खरं छापलं की सुटलो" हेबी अर्धंच आहे, फौजदारीत खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी छापलंय हेबी दाखवावं लागतं. शिक्षा २ वर्षांपर्यंत होऊ शकते, अन् सुप्रीम कोर्टानं २०१६ मधी जुन्या कायद्यातलं मानहानीचं फौजदारी कलम कायम ठेवलंय. खरा त्रास तारखांचा असतो, दर तारखेला कामधंदा सोडून एसटीनं कोर्ट गाठा, साहेबांचा वकील पुढची तारीख मागणार. म्हणून सातबारा, टेंडर, माहिती अधिकारातली उत्तरं, सगळ्या कागदांच्या सहीशिक्क्याच्या नकला बातमीआधीच काढून ठेवा.