गोचीडताप, कुत्र्यांमधील
(विदर्भाच्या ग्रामीण भागाच्या संदर्भात)

गोचिडीमार्फत कुत्र्याच्या शरीरात शिरून रक्तपेशींत वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे होणारा रोगसमूह. खेड्यात गोचीडताप म्हटले की आधी गाईबैलांचा थायलेरिया वा बबेशिया आठवतो. तो प्रस्तुत नोंदीचा विषय नाही. कुत्र्यात हे नाव मुख्यत्वे चार जंतूंच्या संसर्गाला लावतात : एर्लिकिया कॅनिस हा जीवाणू, तांबड्या पेशींत राहणारे बबेशिया व्होगेली व बबेशिया गिब्सनी हे आदिजीव (एकपेशीय परजीवी) आणि पांढऱ्या पेशींत सापडणारा हेपॅटोझून कॅनिस. एकाच कुत्र्यात दोन-तीन जंतू एकदम असणे नवल नाही.

वाहक : प्रमुख वाहक म्हणजे कुत्र्याची तपकिरी गोचीड. तिच्या शास्त्रीय नावाचा प्रश्न अलीकडेपर्यंत सुटला नव्हता. लात्रेय यांनी १८०६ मध्ये दिलेले ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनिअस हे नाव जगभरच्या तपकिरी गोचिडींना सरसकट लावले जाई. मूळ नमुना मात्र उपलब्ध नव्हता. जनुकीय तपासणीत समशीतोष्ण व उष्ण प्रदेशांतील वंश वेगळे निघाले. २०१८ मध्ये यूरोपातील नमुन्यावरून पहिल्याची व्याख्या पक्की झाली, तर उष्ण प्रदेशातील गोचिडीसाठी १८२६ मधील लिन्नाई हे नाव २०२२ च्या सुमारास पुन्हा पुढे आले. विदर्भाचे हवामान पाहता येथील गोचीड या दुसऱ्या वंशातली असणे संभवते. हा वाद केवळ नावापुरता नाही; एर्लिकिया पसरवण्याची क्षमता प्रयोगांत उष्ण प्रदेशातील वंशातच स्पष्ट दिसली आहे. भारतीय लेखनात जुने नाव अजून रूढ असले, तरी नवा भेद ध्यानात ठेवणे इष्ट.

ही गोचीड बैलाच्या अंगावरची नव्हे. बैलाची निळसर गोचीड अंडी घालण्यापर्यंतचे सारे आयुष्य एकाच जनावरावर काढते. तपकिरी गोचीड मात्र डिंभ, अर्भक व प्रौढ अशा तिन्ही अवस्थांत रक्त पिऊन प्रत्येक वेळी खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, छपराच्या बांबूत, चौकटीच्या सांध्यात शिरते. मादी तिथेच हजारांच्या हिशेबात अंडी घालते. कुडाच्या वा मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर आणि ओसरीत बांधलेला कुत्रा एवढ्यावर तिचे चक्र चालू राहते. रानाशी तिचा फारसा संबंध नाही. म्हणून गोठ्यातल्या गुरांवर औषध फवारून घरच्या कुत्र्याच्या गोचिडी कमी होत नाहीत, ही पशुपालकांची नेहमीची तक्रार रास्तच आहे.

इतिहास व मतभेद : या समूहातील दोन परजीवींची मूळ वर्णने भारतातील आहेत. हेपॅटोझूनची नोंद १९०५ मध्ये आसामातून बेंटली व जेम्स या दोघांनी केली. नामकरणाचे श्रेय सामान्यतः जेम्स यांना देतात. बबेशिया गिब्सनीचे वर्णन पॅटन यांनी १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांवरून केले आणि तोच परजीवी त्यांना कोल्ह्यातही आढळला. एर्लिकिया कॅनिसची नोंद १९३५ मध्ये अल्जीरियातून डोनाट्यें व लेस्तोकार यांनी केली. त्याची भयानकता मात्र १९६० च्या दशकाअखेर व्हिएतनाममध्ये अमेरिकी लष्कराचे जर्मन शेफर्ड रक्तस्रावाने मरू लागले तेव्हाच जगाच्या लक्षात आली.

गिब्सनीचा वाहक कोण, यावर मतैक्य नाही. सेन यांनी १९३३ मध्ये तपकिरी गोचिडीचे नाव घेतले. स्वामिनाथ व शॉर्ट यांनी १९३७ मध्ये हीमाफिसॅलिस बायस्पिनोसा ही चराऊ रानातील गोचीड पुढे केली, आणि पुढील ग्रंथांत बहुधा तीच टिकली. हीमाफिसॅलिस गुरे-शेळ्यांवरही राहत असल्याने पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात दुसरे मत लागू पडण्याजोगे आहे. वऱ्हाडच्या काळ्या मातीच्या सपाटीवर, जिथे कुत्र्यावर तपकिरी गोचीडच प्रामुख्याने असते, तिथे सेन यांचे मत सहज बाजूला सारता येत नाही. शिवाय गिब्सनी कुत्र्यांच्या भांडणातील चाव्यांतूनही पसरतो, हे जपान व अमेरिकेतील अनुभवावरून मानले जाते. रानडुकरे व रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखायला शेतात ठेवलेली, आपसात भांडणारी कुत्री पाहता हा मार्गही ध्यानात घ्यावा लागतो. हेपॅटोझूनचा संसर्ग गोचिडीच्या चाव्याने होत नाही. अंग चाटताना-चावताना गोचीड गिळली गेली की होतो.

लक्षणे : ताप, खाणे सोडणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, पानथरी (प्लीहा) सुजणे. एर्लिकियात बिंबाणू (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी) घटतात व नाकाचा घोळणा फुटतो. बबेशियात लघवी गडद होते, कावीळ दिसू शकते. व्होगेली प्रौढ कुत्र्याला सहसा सोसतो, पिल्लांना मात्र मारक ठरतो. गावठी कुत्र्याला गोचीडताप होत नाही हा समज अर्धवट खरा आहे : तो बरेचदा बाहेरून धडधाकट दिसत जंतू बाळगतो, तर तालुक्याच्या गावी हौसेने आणलेला जर्मन शेफर्ड त्याच जंतूने दगावतो.

निदान व उपचार : कानाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताचा गीम्सा रंगाचा लेप ही सर्वांत स्वस्त तपासणी. बबेशिया त्यात दिसू शकतो. एर्लिकियाचे पुंजके क्वचितच दिसतात, त्यामुळे लेप निर्दोष आला म्हणजे रोग नाही असे होत नाही. पीसीआर, म्हणजे जंतूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या, तपासणीसाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. विदर्भात अशा कामाचे प्रमुख केंद्र नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९५८) होय. खेड्यांतील श्रेणी २ चे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने बराच काळ पशुधन पर्यवेक्षकांकडे होते व त्यांचा भर गुरांवर राहिला.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे मुख्य औषध असून ते साधारण २८ दिवस द्यावे लागते. ताप उतरताच गोळ्या थांबवल्यास रोग उलटतो. व्होगेलीवर इमिडोकार्ब वा डिमिनाझिन चालते. डिमिनाझिन गुरांसाठी सहज मिळते, पण कुत्र्यात योग्य व घातक मात्रेतील अंतर थोडे असल्याने बैलाच्या हिशेबाने टोचणे धोक्याचे. गिब्सनी या दोन्हींनी समूळ जात नाही. त्यावर ॲटोव्हाक्वोन व ॲझिथ्रोमायसिन एकत्र देतात, परंतु हा उपचार महाग पडतो.

नियंत्रण : गोचिडी वेचून जाळणे, कडुनिंब-करंजाचे तेल, तंबाखूचे पाणी, सीताफळाच्या बियांची पूड हे घरगुती उपाय प्रचलित आहेत, पैकी सीताफळाची पूड डोळ्यांस अपायकारक आहे. कापसावर फवारायचे औषध अंगाला चोळणे कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. फ्लुरालेनरसारख्या गोचीडनाशक गोळ्या प्रभावी आहेत. मात्र फटी लिंपणे, चुना देणे व ओसरीच्या कोपऱ्यांत फवारणी यांवाचून कोणताही उपाय फार दिवस पुरत नाही.

मानवी आरोग्य : तपकिरी गोचीड माणसालाही चावते व रिकेट्सिया कोनोराय या जीवाणूचा टिक टायफस हा ताप पसरवू शकते. २०१८ मध्ये नागपूर परिसरात गाजलेला स्क्रब टायफस निराळा. तो माइट या गोचिडीसारख्या अतिसूक्ष्म किड्याच्या डिंभामुळे होतो, कुत्र्याच्या गोचिडीमुळे नव्हे.

मांजरांवर ही गोचीड क्वचित आढळते. पर्मेथ्रिन असलेली कुत्र्यांची गोचीडनाशके मांजरांना विषारी आहेत.