आधी सॅटेलाइट, मग सबवूफर आणि त्याआधी सोफा

दिवाळीच्या सेलमध्ये होम थिएटरच्या खोक्यावर '5000 वॉट पीएमपीओ' (म्हणे क्षणभराची कमाल ताकद) वाचलं की हसू येतं. घरचा मिक्सर 500-750 वॉटचा असतो. त्याच्याच प्लगवर चालणारं खोकं एवढी ताकद आणणार कुठून? पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. छापेल तो आकडा.

पैसे मोजके असतील तर ते सबवूफरवर (खोल स्वरांचा मोठा स्पीकर) घालावेत की सॅटेलाइट स्पीकरवर (बाकीचे स्वर देणारे छोटे स्पीकर)? स्पीकरचा पडदा हवा ढकलतो. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली, की पडद्याला चौपट हलावं लागतं. 160 हर्ट्झला जो अर्धा मिलिमीटर हलतो, त्याला 40 हर्ट्झला 8 मिलिमीटर हलायला हवं. तीन इंची सॅटेलाइटला हे झेपत नाही, म्हणून सबवूफर. पण सॅटेलाइट फारच चिमुकले घेतले, तर सबवूफरला 150-200 हर्ट्झपर्यंतचं काम करावं लागतं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर याच टापूत येतो. मग बातम्या देणारा टीव्हीतून न बोलता कोपऱ्यातून बोलू लागतो. साधारण 80 हर्ट्झच्या खाली मात्र आवाज कुठून येतोय हे कानाला नीटसं कळत नाही. म्हणून माझं मत: 80-100 हर्ट्झपर्यंत उतरणारे सॅटेलाइट आधी घ्या.

आता खरी गंमत खोलीची. हॉल 15 फूट लांब धरा. 38 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 9 मीटर, म्हणजे निम्मा तरंग हॉलमध्ये बरोब्बर मावतो. भिंतींवर आपटून परतणारे तरंग एकमेकांत मिसळून स्थिर तरंग तयार होतो. भिंतीलगतच्या हवेला हलायला जागा नसते, तिथे दाबाचा चढउतार सर्वाधिक. मधोमध हवा पुढेमागे हेलकावते, पण दाब जवळजवळ बदलत नाही. कानाला कळतो तो दाब! म्हणून मधल्या खुर्चीवर 38 हर्ट्झ गायब, आणि भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर नुसती घुमघुम. 75 हर्ट्झला पूर्ण तरंग मावतो, तेव्हा मधल्या खुर्चीवरही दाब भरपूर. त्यात रुंदी 10 फूट आणि उंची साडेनऊ फूट असेल, तर दोघींचे अनुनाद (निम्मा तरंग बरोब्बर मावून आवाज फुगतो ते स्वर) 56 ते 59 हर्ट्झच्या आसपास एकमेकांवर चढतात आणि प्रत्येक गाण्यात तोच एक सूर ढणाणतो. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी वायर यावर काहीही करू शकत नाही.

उपाय फुकट आहे. ध्वनीचा स्रोत आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो. म्हणून सबवूफर सोफ्यावर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेसचे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथे सबवूफर ठेवा. घरचे हसतील, हसू द्या. मग सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण (कितीच्या खालचे स्वर सबवूफरने वाजवायचे ते ठरवणारं) 80 हर्ट्झच्या आसपास आणा आणि आवाज बेतानेच ठेवा. उंच स्वर भिंतीत अडतात, हे खोल स्वर सहज खालच्या मजल्यावर पोचतात.