खांद्याच्या कंडरादुखीवरील व्यायामोपचार

खांद्याचा सांधा खोबणीत धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्टे) दुखऱ्या झाल्यावर त्यांच्यावर बेताने भार देत, तो आठवड्यागणिक वाढवत नेण्याची उपचारपद्धती. या चार स्नायूंना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यांपैकी सुप्रास्पायनॅटसची कंडरा सर्वांत जास्त वेळा दुखावते. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात कळ येते, त्या कुशीवर झोप लागत नाही, वेणी घालणे जड जाते.

ग्रामीण विदर्भात हे दुखणे हंगाम पाहून येते. वरुड-मोर्शीकडे संत्रातोडणीत हात तासन्‌तास डोक्यावर असतो, भंडारा-गोंदियात धानाचे भारे उचलावे लागतात. कापूस वेचताना हात फारसा वर जात नाही. खांद्याला झटका बसतो तो संध्याकाळी गाठोडे डोक्यावर चढवताना. सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन एका हाताने दांडा मारत राहणे तर खांद्याची परीक्षाच. बॅटरीच्या पंपाने दांडा सुटला, पाठीवरचे ओझे मात्र राहिले.

‘दिवसभर राबतोच ना जी, मंग व्यायाम कायले?’ हा प्रश्न रास्त आहे. शेतकामात भार किती, किती वेळा आणि कधी थांबायचे हे काम ठरवते, खांदा नव्हे. शिवाय एकच हालचाल हजारदा होते आणि हात बाहेर फिरवणारे स्नायू त्यामानाने रिकामे राहतात. व्यायामात भार मोजका असतो, हालचाल संथ असते आणि मध्ये विसावा असतो. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सावकाश बदलते. म्हणून साधारण १२ आठवड्यांचा धीर धरावा लागतो. पूर्ण आराम हा उपाय नाही, त्याने कंडरा आणखी कमकुवत होते.

सुरुवात बहुधा दाराच्या चौकटीपाशी होते. कोपर काटकोनात वाकवून, मुठीला दुपट्टा गुंडाळून चौकटीवर दाब द्यायचा, हात न हलवता. पुढे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधून, कोपर बरगडीशी ठेवून ती बाहेर ओढायची. मग अर्धा लिटर पाण्याची बाटली धरून हात वर नेणे, भिंतीला टेकून दंड मारणे. थोडे दुखले तर चालते; दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणे वाढलेले असेल तर भार कमी करायचा. बहुतेकांचे गणित बिघडते ते दोन आठवड्यांत बरे वाटले की एकदम पोते उचलण्यात.

अमेरिकी शल्यचिकित्सक चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये, खांद्याच्या वरच्या हाडाखाली कंडरा घासली जाते, असे मांडून ते हाड तासण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. ती दशकानुदशके होत राहिली. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश चाचणीत मात्र खरी आणि लुटुपुटीची (हाड न तासता केलेली) शस्त्रक्रिया यांत रुग्णाला जाणवेल असा फरक निघाला नाही. ७०८ रुग्णांच्या ‘ग्रास्प’ चाचणीचा (२०२१) निष्कर्ष खेड्यासाठी अधिक मोलाचा आहे: फिजिओथेरपिस्टकडे एकदाच जाऊन, नीट समजून घेऊन घरी व्यायाम करणारे आणि सहा वेळांपर्यंत जाणारे वर्षभरात सारखेच सुधारले. स्टेरॉइडच्या सुईने सुरुवातीचे काही आठवडे थोडा आराम पडला, पुढे तिचा लाभ उरला नाही. व्यायाम न करणारा गट या चाचणीत नव्हता, त्यामुळे सुधारणेचे सगळे श्रेय व्यायामाला देता येत नाही. तरीही, तालुक्याला खेटे घालण्यात मजुरी बुडते म्हणून उपचारच सोडण्याचे कारण नाही.

प्रत्येक धरलेला खांदा कंडरेचा नसतो. दुसऱ्याने हलवूनही हात वळत नसेल, विशेषतः मधुमेह असताना, तर तो गोठलेला खांदा असू शकतो. बैलगाडीवरून पडून हात उचलेनासा झाला, सांध्याच्या सुजेबरोबर ताप किंवा वजनात घट आली, तर व्यायाम न करता आधी डॉक्टरांना दाखवावे. चालताना छातीसह डावा खांदा भरून येत असेल तर लगेच रुग्णालय गाठावे. उलट, एमआरआयमध्ये कंडरेला चीर दिसली म्हणून घाबरायला नको. वय वाढते तशी ती न दुखणाऱ्या खांद्यांतही सापडते.

हे १२ आठवडे हंगामात आले तर काम बंद ठेवा असे सांगून उपयोग नसतो. त्यापेक्षा पंप अर्धाच भरणे, दांड्याचा हात बदलणे, संत्रे तोडताना घोड्यावर (तोडणीच्या शिडीवर) एक पायरी वर चढून हात खांद्याखाली ठेवणे आणि गाठोडे दोघांनी मिळून चढवणे जमण्यासारखे असते.